वकिलांचे शिक्षण सनदेपाशी थांबू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक-तास मिळवावे लागतात. व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाला तीन वर्षांत १२० तासांचे शिक्षण दाखवावे लागते. वकिलाला काय दाखवावे लागते? काहीही नाही. अखिल भारतीय बार परीक्षा २०११ पासून आहे. ती एकदाच द्यायची असते, बेअर ॲक्ट (कायद्याचा केवळ मूळ मजकूर) सोबत नेता येतो. ती उत्तीर्ण झाली की पुढची चाळीस वर्षे तुम्ही काय वाचले, असे कोणी विचारत नाही. चर्चासत्रे आणि व्याख्याने घेणे हे राज्य बार कौन्सिलचे काम आहे, असे ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांच्या तालुका न्यायालयांपर्यंत हे काम नियमित पोहोचावे, एवढ्यासाठी हे पत्र.

हा विषय आता पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि ५११ कलमांची भारतीय दंड संहिता जाऊन ३५८ कलमांची न्याय संहिता आली; कार्यपद्धतीसाठी नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियम आला. अडचण नवे आकडे पाठ करण्याची नाही. अटकपूर्व जामीन ४३८ चा ४८२ झाला, ४३९ चा ४८३ झाला, पोटगी १२५ ची १४४ झाली. यासाठी भिंतीवर एक तक्ता लावला की पुरते. खरी अडचण कोणत्या प्रकरणाला कोणता कायदा लावायचा, ही आहे. मे २०२४ मध्ये गुन्हा घडला आणि त्याच महिन्यात नोंदवला गेला, तर कलमे जुनी आणि कार्यपद्धतीही जुनी. गुन्हा मे महिन्यातला पण फिर्याद ऑगस्टमध्ये, तर कलमे दंड संहितेची आणि तपास नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे. त्या संहितेचे कलम ५३१ आणि साक्ष्य अधिनियमाचे कलम १७० शेजारी ठेवून वाचले, तर दिवाणीतही हाच धागा सापडतो: ३० जून २०२४ रोजी प्रलंबित असलेल्या दाव्यात पुरावा १८७२ च्या कायद्यानेच चालतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जुन्या दाव्यात नव्या कायद्याच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आणि नव्या दाव्यात जुन्या कायद्याच्या ६५ब चे, अशी उलटापालट झाली की समोरचा वकील हरकत घेतो आणि पक्षकाराची तारीख वाया जाते.

मुदतींचे तर त्याहून कठीण आहे. सत्र खटल्यात दोषमुक्तीचा (आरोप निश्चितीआधीच खटल्यातून वगळण्याचा) अर्ज प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत द्यायचा (कलम २५०), वॉरंट खटल्यात कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत (कलम २६२). जुन्या संहितेत अशी मुदत नव्हती. आरोप निश्चितीच्या तारखेपर्यंत थांबायचे आणि त्या दिवशी अर्ज द्यायचा, ही पद्धत इतकी मुरलेली आहे की नव्या कायद्यातही हात तसाच चालतो. नकला मिळाल्याची तारीख रोजनाम्यावरून डायरीत उतरवून तिथून दिवस मोजायचे, एवढेच शिकवायचे आहे. ते एका तासात शिकवता येते. न शिकवल्यास आरोपीचा हक्काचा अर्ज मुदतीच्या हरकतीत अडकतो.

आता इलेक्ट्रॉनिक पुराव्याकडे येतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. याविषयीचा देशभर आधाराला घेतला जाणारा निवाडा मराठवाड्यातलाच आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दिला गेला की नंतर, हे दाखवणारे चित्रीकरण हा त्यातला पुरावा होता. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर ६५ब(४) चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. संबंधित कार्यालय प्रमाणपत्र देत नसेल, तर ते मागवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करावा, खटला संपण्याआधी ते सादर करता येते, हेही त्याच निकालात आहे. हा दुसरा भाग फार कमी वापरला जातो. ‘बँकेने प्रमाणपत्र दिले नाही’ एवढी तोंडी तक्रार करून पुरावा सोडून दिला जातो.

नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पक्षकाराने किंवा उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा. त्यात उपकरणाचा प्रकार, मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक, उपकरण कोणाच्या ताब्यात होते, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा संकेतांक) कोणत्या पद्धतीने काढली ती (एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ किंवा अन्य) लिहायची. हॅश अहवाल सोबत जोडायचा. तारीख, वेळ व ठिकाण टाकायचे. भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा. तज्ज्ञ म्हणजे नेमके कोण हे कलम ६३ मध्ये सांगितलेले नाही. कलम ३९(२) मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९अ खाली अधिसूचित परीक्षकाकडे बोट दाखवते. खासगी तज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडताना त्याची शैक्षणिक पात्रता आणि अनुभव वेगळ्या कागदावर जोडावा, म्हणजे उलटतपासात धांदल होत नाही.

हॅश काढायला महाग यंत्र लागत नाही. विंडोजच्या कोणत्याही संगणकात ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा मुळातच असते. ती फाइलवर चालवली की एसएचए-२५६ चा ६४ अक्षरांचा संकेतांक मिळतो. फाइलचे नाव बदलले तरी तो बदलत नाही. आतला एक ठिपका बदलला तरी तो पूर्ण बदलतो. नेमके इथेच बिघडते. पक्षकार मोबाइलमधला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर वकिलाला पाठवतो, वकिलाचा कारकून तो पेनड्राइव्हमध्ये घेतो आणि त्याची हॅश काढली जाते. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते, त्यामुळे ती हॅश मूळ मोबाइलमधल्या फाइलशी सहसा जुळत नाही. मूळ फाइल केबलने थेट उतरवावी, हॅश तिथेच काढावी आणि मोबाइल विकू किंवा फॉरमॅट करू नये, असे पक्षकाराला पहिल्याच भेटीत लेखी सांगावे. सीसीटीव्हीच्या बाबतीत घाई आणखी हवी. डीव्हीआरची जागा भरली की जुने चित्रीकरण आपोआप पुसले जाते. साठवणक्षमता आणि कॅमेऱ्यांच्या संख्येप्रमाणे काही ठिकाणी हे पंधरा दिवसांत होते, काही ठिकाणी महिन्यात. तेव्हा चित्रीकरण जपून ठेवण्याची नोटीस त्याच आठवड्यात जायला हवी. डीव्हीआरचे घड्याळ पुष्कळदा मागे-पुढे असते. प्रत्यक्ष वेळ आणि यंत्राची वेळ यांतला फरक पंचनाम्यात आला नाही, तर चांगला पुरावा संशयित होतो.

धनादेश अनादराच्या प्रकरणांवर आपल्याकडचे किती तरी तरुण वकील उभे आहेत. तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवसांची वाट, मग एक महिन्यात तक्रार, हे सर्वांना तोंडपाठ आहे. पण नव्या संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला नोटीस काढायची की नाही, यावर बराच काळ गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२५ रोजी संजबीज तारी प्रकरणात कलम १३८ च्या तक्रारींत दखलपूर्व नोटिशीची गरज नाही, असे स्पष्ट केले. त्याच निकालात तक्रारीच्या अनुक्रमणिकेनंतर ठरावीक नमुन्यातला गोषवारा जोडण्यास सांगितले आणि तडजोडीचा खर्च नव्याने ठरवला: बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी रक्कम दिली तर जादा काही नाही, त्यानंतर निकालापूर्वी ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. आरोपीच्या वकिलाला हे माहीत असेल तर तो पक्षकाराला वेळेत सांगून त्याचे पैसे वाचवू शकतो.

मोटार अपघाताच्या दाव्यांत तर दर तीन वर्षांनी आकडा बदलतो. प्रणय सेठी निकालाने (२०१७) अंत्यविधी व मालमत्तेचे नुकसान यांसाठी प्रत्येकी १५ हजार आणि सहवासाच्या नुकसानीसाठी ४० हजार ठरवले, आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली. दोन वाढींनंतर ते १८,१५० आणि ४८,४०० होतात. ऊसतोडीला गेलेल्या मजुराचा ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली मृत्यू होतो, त्याच्या मागे पत्नी, दोन मुले आणि आई असते. सहवासाचे नुकसान प्रत्येकाचे वेगळे धरले जाते. जुन्या अर्जाची नक्कल मारून एकदाच ४० हजार मागितले, तर चौघांच्या १,९३,६०० रुपयांच्या जागी तेवढेच कागदावर येतात. शिवाय एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा आहे. तो मागवण्याचा अर्ज देणाऱ्यांची संख्या वाढायला हवी.

मावेजाबद्दल, म्हणजे संपादित जमिनीच्या भरपाईबद्दल, थोडे. राष्ट्रीय महामार्गासाठी गेलेल्या जमिनीवर सांत्वन रक्कम आणि व्याज मिळते, हे तरसेम सिंग निकालाने २०१९ मध्ये ठरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा लाभ पूर्वलक्षी असल्याचे पक्के झाले. महामार्गाच्या मावेजाचा वाद लवादाकडे जातो. लवादाच्या निवाड्यात न्यायालयाला फेरबदल करता येत नाही, असे २०२१ मध्ये हकीम प्रकरणात ठरले होते. ३० एप्रिल २०२५ ला गायत्री बालसामी प्रकरणात घटनापीठाने मर्यादित फेरबदलाची मुभा दिली. म्हणजे २०२२ मध्ये ‘आता काही होत नाही’ हा सल्ला बरोबर होता आणि आज तो अपुरा आहे. निवाड्याला आव्हान देण्याची मुदत (लवाद कायद्याचे कलम ३४) मात्र तीच कडक आहे: सही असलेली निवाड्याची प्रत मिळाल्यापासून तीन महिने, फार तर आणखी तीस दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. जिल्हा न्यायालयात विलंबमाफीचा नेहमीचा अर्ज देऊन भागेल असे समजून पाच-सहा महिन्यांनी दाखल केलेली प्रकरणे पहिल्याच तारखेला संपतात, आणि गेलेल्या जमिनीचा वाढीव मावेजा कायमचा जातो.

एका बाबतीत मात्र मराठवाड्याचा अभ्यासक्रम मराठवाड्यालाच करावा लागेल. बाजारात मिळणारी कूळकायद्याची बहुतेक पुस्तके १९४८ च्या मुंबई कायद्यावर आहेत. आपल्याकडे १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा चालतो. तिकडचे ‘३२-ग’ (कुळाने जमीन विकत घेण्याचे कलम) आपल्याकडे नाही. आपल्याकडे संरक्षित कूळ आणि त्याला मालकी देणारे कलम ३८-ई आहे. दिवाणी दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला की तो ९९-अ खाली तहसीलदारांकडे पाठवावा लागतो. ते राहून गेले, तर पुढे हुकूमनामाच वादात सापडतो. इनामांसाठी १९५४ चा कायदा वेगळा. मदतमाश ही व्यक्तीला दिलेली, खिदमतमाश ही देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठीची. हा फरक न पाहता तयार केलेले खरेदीखत पिढ्यान्‌पिढ्या त्रास देते. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, सेतवार, उर्दूतले जुने मुंतखब, मोडीतले कागद ही जमिनीची जुनी दप्तरे वाचू शकणारे वकील झपाट्याने कमी होत आहेत. फसली सनात साधारण ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येते, हे साधे गणितही अनेकांना सांगावे लागते. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटविषयक शासन निर्णयानंतर निजामकालीन नोंदींचे महत्त्व पुन्हा वाढले आहे. जात पडताळणीत इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो पुष्कळदा याच दप्तरांत असतो. ज्येष्ठ वकिलांना शिक्षणातून सूट द्या, अशी सूचना अधूनमधून होते. ती मला मान्य नाही. त्यांनी शिकवायला यावे. साठी-सत्तरीतल्या वकिलाने खासरा वाचून दाखवावा आणि पंचविशीतल्या वकिलाने त्यांना हॅश काढून दाखवावी.

आज जी शिबिरे होतात, त्यांत विद्वत्तेची कमतरता नसते. रचना चुकते. पाहुणे उशिरा येतात, दीपप्रज्वलन आणि सत्कारात पाऊण तास जातो, ‘नवे फौजदारी कायदे : एक दृष्टिक्षेप’ असा विषय असतो आणि ५३१ कलमांची संहिता एका तासात उरकावी लागते. प्रमाणपत्रे दारातच वाटली जातात. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला बसलेल्या वकिलाच्या हातात एकही नमुना नसतो. कामकाजाच्या दिवशी साडेपाचनंतर कार्यक्रम ठेवला, तर बाहेरगावहून ये-जा करणारे आणि विशेषतः महिला वकील शेवटच्या बसकडे पाहत बसतात.

त्याऐवजी असे करता येईल. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा, तालुक्याच्याच बार रूममध्ये, जास्तीत जास्त तीस जण. विषय एकच आणि अरुंद: ‘कलम ६३ चे प्रमाणपत्र’, ‘दोषमुक्तीचा अर्ज’, ‘कलम ३४ ची मुदत’. आठवडाभर आधी तीस पानांचा कागदपत्रांचा संच प्रत्येकाला द्यावा. तो खऱ्या, पण अंतिम निकाल लागून अपिलाची मुदत संपलेल्या प्रकरणातला असावा, म्हणजे न्यायिक अधिकाऱ्यांनाही मोकळेपणाने बोलता येते. पक्षकारांची नावे, गट क्रमांक, मोबाइल क्रमांक काळे करावेत. लैंगिक गुन्ह्यांची आणि पोक्सोची कागदपत्रे घेऊच नयेत. पीडितेची ओळख छापणे न्याय संहितेच्या कलम ७२ ने गुन्हा आहे. पहिली वीस मिनिटे कायदा, पुढची चाळीस मिनिटे प्रत्येकाने हाताने मसुदा लिहायचा, उरलेला तास दोन-तीन मसुदे सर्वांसमोर वाचून दुरुस्त करायचे. लिहिण्याची चाळीस मिनिटे कधीही कापू नयेत, कारण चूक फक्त लिहितानाच दिसते. संचाच्या ९०० झेरॉक्स पानांचा खर्च हजार ते दोन हजार रुपये. तेवढा कोणताही वकील संघ करू शकतो.

भाषा मराठी असावी. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेपासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, मग मसुदालेखन इंग्रजीत शिकवण्यात अर्थ नाही. याला जोडून एक तांत्रिक गोष्ट: ई-फायलिंगसाठी मसुदे युनिकोडमध्येच टाइप करायला शिकवावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा कचरा होऊन उघडतो आणि त्यात शोधही घेता येत नाही.

निवाडे तपासण्याचे एक सत्र वेगळे हवे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे अर्जांत येऊ लागले आहेत. तपासण्याची रीत सोपी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याला ‘आयएनएससी’ आणि आपल्या खंडपीठाच्या निवाड्याला ‘बीएचसी-एयूजी’ असा तटस्थ संदर्भ क्रमांक असतो. तो ई-एससीआर (सर्वोच्च न्यायालयाचा ऑनलाइन निवाडेसंग्रह) किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकावा, निवाडा उघडावा, उद्धृत परिच्छेद स्वतः वाचावा आणि तो निवाडा पुढे फिरवला गेला का ते पाहावे. ई-एससीआर २०२३ पासून विनामूल्य आहे.

सक्ती असावी का? असावी, पण सोय आधी आणि सक्ती नंतर. न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षांत २४ तास, फिलिपिन्समध्ये तीन वर्षांत ३६ तास आहेत. दोन्हींची सरासरी वर्षाला १२ तास येते. वर्षात दोन तासांची सहा सत्रे, एवढेच. पहिली दोन वर्षे केवळ नोंद ठेवावी, दंड नको, सनदेला हात नको. सहीपुरती हजेरी धरू नये. त्या दिवशी लिहिलेला मसुदा जमा केला तरच तास मोजावेत. नोंद वकील संघाच्या सचिवाने ठेवावी आणि वर्षातून एकदा बार कौन्सिलकडे पाठवावी. शुल्क घेऊ नये. ज्यांची सुरुवातच जेमतेम मानधनावर होते, त्या कनिष्ठ वकिलांना शंभर रुपयेही जड जातात.

महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने मराठवाड्यातल्या जिल्हा वकील संघांकडून पहिल्या सहा विषयांची यादी मागवावी. छत्रपती संभाजीनगरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि लातूर, नांदेड येथील विधी महाविद्यालये यांच्याकडे कागदपत्रांचे संच तयार करण्याचे काम द्यावे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यातून खरी प्रकरणे वाचायला मिळतील. हैदराबाद कूळकायदा आणि खासरा वाचनाचे सत्र त्या यादीत पहिले असावे, कारण ते शिकवू शकणारी माणसे वाट पाहण्याच्या वयाची नाहीत.

आपला,
एक वकील, परभणी